फुलकिडेही समाज करून राहतात

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या बालपानावर मागे एक कोडं आलं होतं, 'समाज करून राहणारे कीटक कोणते?' पुढच्या रविवारी उत्तर छापलं गेलं: मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या आणि वाळवी, यांच्याशिवाय दुसरा कोणताही कीटक समाज करून राहत नाही. माझ्या सातवीतल्या नातीने या चौघांबरोबर पाचवं नाव लिहून पाठवलं होतं, फुलकिडे. अर्थातच तिचं उत्तर बाद झालं. तेवढ्यावर मी पत्र लिहायला बसले नसते. पण त्याच सुमारास शाळेच्या चाचणीतही तिने तेच लिहिलं, आणि पेपर परत आला तेव्हा त्या शब्दाखाली लाल रेघ होती आणि शेजारी शेरा होता, 'ही कीड आहे.' शाळेचं नाव मी लिहीत नाही. शिकवणाऱ्या बाईंवर माझा राग नाही, पुस्तकात जे नाही ते त्यांनी कुठून तपासावं? पण पोरीने घरी येऊन विचारलं, "आजी, तू मला खोटं सांगितलंस का?" त्या प्रश्नाने मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

मी नागपुरातल्या एका कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं सहायक होते. माझ्याकडे स्लाइड बनवायचं काम होतं. शेतकऱ्यांकडून आणि क्षेत्रभेटींतून नमुने यायचे, कापसाची पानं, भिवापुरी मिरचीचे शेंडे, आंबिया बहाराची करवंदाएवढी संत्री. फूल किंवा शेंडा पांढऱ्या कागदावर झटकायचा. कागदावर राईच्या दाण्यापेक्षाही बारीक काड्या धावायला लागल्या की ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलून अल्कोहोलच्या कुपीत सोडायची. मग स्लाइडवर घेऊन सुईने पाय बाजूला करायचे, पंख उलगडायचे, कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाचा थेंब टाकून वरून कव्हरस्लिप ठेवायची. एक मिलिमीटरच्या जिवाचा मिशीचा एक सांधा तुटला तरी स्लाइड वाया. त्यामुळे फुलकिडा म्हणजे काय हे मला नुसतं वाचून माहीत नाही, बोटांना माहीत आहे. त्याचे पंख म्हणजे एक काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना केसांची झालर. त्याला जबडा एकच, डावा. उजवा जवळजवळ नाहीसाच झालेला असतो. त्या एका जबड्याने तो पानाला भोक पाडतो आणि मग आतला रस शोषतो.

शेतकऱ्याला हा कीटक वेगळ्याच ओळखीने माहीत असतो. मिरचीवरचा चुरडा-मुरडा, संत्र्याच्या देठाभोवतीचं पांढुरकं कडं, कापसाच्या पानाची चंदेरी झालेली पाठ. मिरचीचं पान कडेने वर वळून वाटीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे, उपड्या होडीसारखं खाली वळलं असेल तर कोळी कीड, ही खूण मला भिवापूरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितली होती आणि ती प्रयोगशाळेत शंभरदा खरी ठरलेली मी पाहिली. नुकसान खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण 'कीड' हे त्या प्राण्याचं आपल्याशी असलेलं नातं झालं. तो स्वतःच्या घरात कसा राहतो, याचं उत्तर त्या शब्दात नाही.

आणि काही फुलकिड्यांना खरोखर घर असतं. त्या घराला शास्त्रात गॉल म्हणतात, आपण गाठ म्हणू. कीटकाने चावल्या-शोषल्यामुळे झाडाची वाढ त्या ठिकाणी बिघडते आणि झाड स्वतःच त्या कीटकाभोवती एक पोकळ गोळा, पिशवी किंवा घडी उभी करतं. भिंत झाडाची, आराखडा कीटकाचा. आपल्या घरांत ही वस्तू पिढ्यान्पिढ्या आहे. बाळगुटीतलं मायफळ आठवा. सहाणेवर उगाळतो ते मायफळ म्हणजे फळ नव्हेच, ती ओक जातीच्या झाडावर एका बारीक गांधीलमाशीने करून घेतलेली गाठ आहे. इतवारीतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून मूठभर मायफळं आणून बघा, त्यातल्या काहींना टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक असतं. आतला जीव वाढून तिथून बाहेर पडला. बालचातुर्भद्र चूर्णातली काकडशिंगीही तशीच, तीत मावा राहतो. आपण दोन्ही उगाळून पोरांना चाटवतो, पण आत कोण राहत होतं हे विचारत नाही.

आता त्या पाचव्या नावाकडे येते. हे फुलकिडे आपल्याकडचे नव्हेत, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, वाळवंटी भागातले आहेत. क्लॅडोथ्रिप्स या वंशातले, आणि राहतात तिथल्या अकेशियांवर, म्हणजे आपल्या बाभळीच्या चुलतभावंडांवर. १९९२ साली बर्नार्ड क्रेस्पी या शास्त्रज्ञाने 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात लिहून दाखवलं की यांच्यातल्या काही जातींत सैनिक असतात, म्हणजे घर सोडून न जाता भावंडांसाठी पहारा देणारे. त्याआधी १९७७ मध्ये जपानच्या शिगेयुकी आओकींनी माव्यात सैनिक शोधले होते. म्हणजे आपल्या बालपानावर छापलेलं वाक्य आधी माव्याने आणि मग फुलकिड्यांनी केव्हाच मोडलेलं आहे.

गाठ कशी होते ते नीट सांगते, कारण सगळी गंमत तिथे आहे. त्या अकेशियांना मोठेपणी खरी पानं राहत नाहीत. जे पान दिसतं तो चपटा होऊन हिरवा झालेला देठ असतो. हे नागपुरात बसून बघता येतं. रस्त्याकडेला लावलेली जी ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे, कोयत्यासारख्या वाकड्या पानांची, तिच्याखाली पावसाळ्यात उगवलेली रोपं शोधा. पहिली दोन-चार पानं अस्सल बाभळीसारखी, बारीक पाकळ्यापाकळ्यांची असतात. मग एखाद्या पानात देठ रुंद व्हायला लागतो आणि टोकाला थोड्या पाकळ्या शिल्लक राहतात. त्यानंतरच्या पानांत पाकळ्या गायब आणि नुसता देठ. एकाच वीतभर रोपावर ही सगळी पायरी-पायरी दिसते. माझ्या नातीने असं रोप उपटून वहीत चिकटवलं आहे. (नागपूरच्या या झाडांवर मात्र मला फुलकिड्यांची गाठ कधी सापडली नाही. ते कीटक आपापल्या ठराविक झाडाला धरून असतात.)

तर तिथे, वाळवंटात, पाऊस पडून कोवळा फुटवा आला की पंख असलेली एक गाभण मादी येऊन त्या कोवळ्या देठपानावर बसते. जागेसाठी माद्यांची आपसात मारामारी होते आणि त्यात जीवही जातात, कारण कोवळेपणा फार थोडे दिवस टिकतो आणि कोवळ्या जागीच गाठ धरते. जिंकलेली मादी शोषायला लागते, देठपान तिच्याभोवती फुगतं, वळतं आणि बंद होतं. ती आत एकटी. बाहेर ऊन, वारा, मुंग्या. आत अंधार, ओलावा आणि चारही बाजूंनी अन्न. भिंतच तिची भाकरी आहे.

ती अंडी घालते. सैनिक असलेल्या जातींत पहिल्या पोरांचे पंख आखूड राहतात आणि पुढचे पाय मात्र पैलवानाच्या दंडासारखे जाड, आतून काटेरी. तेच सैनिक. ते गाठ सोडून कधीच जात नाहीत. नंतर वाढणाऱ्या पोरांना लांब पंख येतात, आणि गाठ वाळून तडकली की ती उडून नव्या झाडाकडे जातात. एका गाठीत काही डझनांपासून शेकड्यांपर्यंत जीव असतात, आणि त्या सगळ्यांची मुळं त्या एका मादीत.

जाड पायांचं मला फार अप्रूप वाटतं, कारण एकदा असे पाय माझ्या सुईखाली आले होते. क्षेत्रभेटीतून कुणीतरी वाळक्या फांदीची साल आणली होती, तिच्यावर बुरशी खाणारे काळे फुलकिडे होते. स्लाइड करताना मला वाटलं, दोन जाती एकत्र झाल्या. काही नरांचे पुढचे पाय इतके जाड की कव्हरस्लिप सपाट बसेना, आणि काहींचे साधे काडीसारखे. मी वेगळ्या कुप्या करायला लागले तेव्हा आमच्या साहेबांनी थांबवलं, म्हणाले, एकच जात आहे, हे भांडणारे नर. फुलकिड्यांत लढायचं हत्यार पुढचे पाय असतं हे मला त्या दिवशी कळलं. ऑस्ट्रेलियातल्यांनी तेच हत्यार घरासाठी वापरलं, आणि त्यांच्यात ते बहिणींकडेही आहे, भावांकडेही.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. मधमाश्या आणि मुंग्यांत काम करणाऱ्या सगळ्या माद्या असतात. याचं एक कारण नेहमी सांगितलं जातं, ते मी नातीला आण्यांत समजावलं. तिला आणे माहीत नव्हते, ते आधी शिकवावे लागले. सोळा आण्यांचा रुपया, आणि नातं म्हणजे दोघांची किती जनुकं सारखी ते. माणसांत आईचं लेकीशी नातं आठ आणे, सख्ख्या बहिणींचंही सरासरी आठ आणे. मधमाश्यांत आणि फुलकिड्यांत मात्र फळलेल्या अंड्यातून मादी होते आणि न फळलेल्या अंड्यातून नर. बापाकडे जनुकांचा एकच संच असतो, तो सगळा जसाच्या तसा प्रत्येक लेकीला जातो. म्हणून सख्ख्या बहिणी-बहिणींचं नातं बारा आणे होतं, आणि बहिणीला भाऊ चार आणेच लागतो. मग स्वतः लेकी जन्माला घालण्यापेक्षा बहिणी सांभाळणं मादीला परवडतं, असा तो हिशेब.

पण फुलकिड्यांत सैनिक भाऊही आहेत. बारा आण्यांचा हिशेब एकट्याने त्यांना लागू पडत नाही. वाळवीतही नर-मादी दोन्ही राबतात, आणि वाळवीत तर हा आण्यांचा प्रकारच नाही. मग उरतं काय? एक तर बंद गाठीत भावंडांतच जुगणं होतं, त्यामुळे सगळेच एकमेकांच्या फार जवळचे होतात. आणि दुसरं, मला जास्त पटणारं, घर. अन्न आणि आसरा एकाच भिंतीत असेल, ती भिंत पुन्हा मिळणं कठीण असेल, तिच्यावर टपलेला शत्रू असेल आणि त्याला अडवायला काही हत्यार असेल, तर घरातली काही पोरं घरासाठी थांबतात. मावा, वाळवी आणि फुलकिडे कीटकांच्या तीन वेगवेगळ्या गणांतले, तरी तिघेही या वाटेने आले. क्रेस्पींनी हाच मुद्दा मांडला होता.

शत्रूही नात्यातलाच आहे. कोप्टोथ्रिप्स नावाचे दुसरे फुलकिडे स्वतः गाठ करत नाहीत. दुसऱ्याच्या गाठीत शिरतात, आतल्यांना मारतात आणि तिथे आपली अंडी घालतात. सैनिक त्यांच्या अंगावर जातात. इथपर्यंतची गोष्ट मी नातीला सांगितली तेव्हा ती किल्ल्याची गोष्ट ऐकल्यासारखी बसली होती. पण पुढचा भाग मला स्वतःला जास्त आवडतो. २०१२ साली क्लॅडोथ्रिप्स इंटरमिडियस या जातीच्या सैनिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ते जाड पाय कोप्टोथ्रिप्सला परतवायला फारसे उपयोगी पडत नाहीत. मात्र सैनिकांच्या अंगातून बुरशी रोखणारा जबर पदार्थ निघतो. आणि बुरशी कोणती? बॅसियाना. आपल्या कृषी सेवा केंद्रात 'बिव्हेरिया बॅसियाना' म्हणून पांढऱ्या भुकटीचं पाकीट मिळतं ना, फुलकिड्यांवर, पांढऱ्या माशीवर फवारायचं, तीच. विदर्भातला शेतकरी जी बुरशी पंपात घालून फुलकिडे मारतो, त्याच बुरशीविरुद्ध तिकडे एका गाठीतले भाऊबहीण पहारा देत बसलेले आहेत. ओलसर, बंद, गर्दीच्या घरात पहिला शत्रू बुरशीच असणार, हे बंद डब्यात भाकरी विसरलेल्या कुठल्याही बाईला पटेल.

आणखी एक. मुंगीच्या वारुळात काम करणाऱ्या माद्या बहुधा स्वतःची पोरं वाढवत नाहीत. फुलकिड्यांच्या काही जातींत सैनिकही अंडी घालतात. म्हणजे राणी आणि चाकर अशी पक्की फाळणी तिथे झालेली नाही. म्हणूनच शास्त्रज्ञांना ते मोलाचे वाटतात. वाळवीचा समाज कोट्यवधी वर्षांचा जुना, त्याची सुरुवात आता बघायला मिळत नाही. फुलकिड्यांच्या एकाच वंशात मात्र काही जातींत सैनिक आहेत आणि बऱ्याच जातींत नाहीत. समाज नसलेलं घर आणि समाज असलेलं घर एकाच गल्लीत शेजारी-शेजारी.

आपल्या देशातही गाठीतल्या फुलकिड्यांवर मोठं काम झालेलं आहे. चेन्नईच्या टी. एन. अनंतकृष्णन यांनी आयुष्यभर फुलकिड्यांचा अभ्यास केला. त्यांचं नाव आमच्या प्रयोगशाळेत फार आदराने घेतलं जायचं. मराठी शाळेच्या पुस्तकात ते कधी दिसलं नाही, याची मला खंत आहे.

नागपुरात गाठीतला फुलकिडा दाखवायला मला कुठे लांब जावं लागत नाही. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या इमारतीच्या फाटकाशी फायकस बेंजामिनाची कुंपणासारखी रांग आहे. पाने चकचकीत, टोकदार. नव्या फुटव्यातली काही पानं मधल्या शिरेवर दुमडून मिटलेली दिसतात, एखाद्या करंजीची कड दाबावी तशी, आणि वरून तांबूस-जांभळे ठिपके. ती गाठ आहे. करणारा फुलकिडा आहे गायनाइकोथ्रिप्स, क्लॅडोथ्रिप्सच्याच कुळातला. मागच्या महिन्यात सकाळी दूध आणून येताना मी नातीला घेऊन तिथे थांबले. असं एक पान तोडून घरी आणलं, ओट्यावर पांढरा कागद पसरला आणि दोन्ही अंगठ्यांनी घडी हळूच उघडली. आत तीन-चार काळे कुळकुळीत मोठे, शेपूट वर उचलून धावणारे. पिवळसर, जवळजवळ पारदर्शक पिल्लं वीस-पंचवीस, घाबरून शिरेच्या खोबणीत दाटी करणारी. आणि पानाच्या पृष्ठावर सांडलेल्या रव्यासारखी पांढरी अंडी. भिंगातून बघताना नात एकदम हळू आवाजात बोलायला लागली, जणू आतल्यांची झोपमोड होईल. तिने मला विचारलं, "यांच्यात सैनिक कोणता?" मी सांगितलं, यांच्यात नाही, यांचं घर आहे पण पहारा नाही, पहारा ऑस्ट्रेलियातल्यांकडे आहे. मग तिने विचारलं, "का?" तेव्हा मला जे माहीत होतं ते मी सांगितलं, आणि तेच तिने आपल्या कोड्याच्या उत्तरात लिहिलं.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या. पहिली, बालपानावर दुरुस्ती छापावी: मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या आणि वाळवी यांच्याखेरीज काही मावा आणि काही फुलकिडेही सैनिक ठेवून समाजाने राहतात. दोन ओळी पुरतील. तिच्या शाळेतल्या बाईंना मी ते कात्रण नेऊन देईन, वाद घालायला नव्हे, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी. दुसरी विनंती आपल्या कृषिपानासाठी. तिथे फुलकिडे दर हंगामात येतात, पण नेहमी औषधाच्या नावासोबत आणि दहा लिटर पाण्यातल्या प्रमाणासोबत. एखाद्या वेळी नुसतं त्यांच्याबद्दल लिहावं. पान वर का वळतं, अंडी कुठे असतात, निळ्या चिकट सापळ्याकडे ते का येतात. शेतकऱ्यालाही ते हवं असतं. भिवापूरचा तो म्हातारा माझ्याकडे औषध विचारायला कमी आणि भिंगातून बघायला जास्त यायचा.

पत्र मी टपालाने न पाठवता स्वतः कार्यालयात आणून देत आहे, कारण सोबत आगपेटीत फायकसचं एक मिटलेलं पान आहे आणि ते टपालात वाळून जाईल. आजच सकाळी तोडलं आहे. पंखा बंद करून, पांढऱ्या कागदावर, मधल्या शिरेपाशी धरून उघडावं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर